अँबिसॉनिकची फाइल थेट ५.१ वर लावली की असं का वाजतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरी एव्हीआर (स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर) आणि ५.१ चा सेट, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या आवाजाचा एक सब, आहे, सिनेमे मस्त वाजतात, पण मित्राने गावच्या सप्त्यातल्या हरिपाठाची चार चॅनलची अँबिसॉनिक फाइल दिली आणि ती तुम्ही पीसीवरून एचडीएमआयने लावली तर पुढचा डावा स्पीकर व्यवस्थित, पुढच्या उजव्यातून वीणेकऱ्याचा आवाज गायब, मागचा डावा नुसता पुटपुटतोय आणि मागच्या उजव्यातून टाळ जवळजवळ ऐकूच येत नाहीत. मग अँबिसॉनिक सराउंडपेक्षा भारी म्हणतात ते नेमकं काय, आणि एव्हीआर बदलावा लागेल का.

एव्हीआर बदलू नका, फाइलही खराब नाहीये. उलट जसं वाजतंय तसंच वाजायला पाहिजे, आणि त्यावरूनच सांगता येतं की माइक सरळ ठेवला होता, वीणेकरी माइकच्या बरोबर समोर होते आणि टाळकऱ्यांच्या दोन रांगा डाव्या-उजव्या हाताला होत्या.

मूळ फरक एकच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. ५.१ मधे प्रत्येक चॅनल एका स्पीकरच्या नावाचा असतो, सेंटर म्हणजे सेंटरच्या स्पीकरला जायचं, डावा सराउंड म्हणजे डाव्या सराउंडला. मिक्सिंग करणाऱ्या माणसाने स्टुडिओत बसून ठरवलंय की कुठल्या स्पीकरच्या पेटीतून काय यायचं, तुमच्या एव्हीआरने फक्त पोचवायचं. अँबिसॉनिकच्या चार चॅनलपैकी एकही कुठल्याच स्पीकरचा नसतो. त्यात माइक जिथे उभा होता त्या एका बिंदूपाशी कुठल्या दिशेने काय येत होतं याची नोंद असते, स्पीकर किती आणि कुठे हे नंतर ऐकणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे ५.१ हा रेडीमेड शर्ट आणि अँबिसॉनिक हे नुसतं कापड, तुम्ही न शिवताच अंगावर घेतलंत.

आता त्या फाइलमधे काय काय आहे ते बघा. पहिला चॅनल डब्ल्यू, हा सगळ्या दिशांचा आवाज सारखाच घेतो, म्हणजे साधा मोनो, म्हणून तुमचा पुढचा डावा स्पीकर शहाण्यासारखा वाजला. दुसरा वाय, हा डावं-उजवं सांगतो, फिगर-एट माइक (दोन समोरासमोरच्या बाजूंनीच ऐकणारा) आडवा धरला तर जे मिळेल ते, डाव्या रांगेचे टाळ सरळ फेजमधे, उजव्या रांगेचे उलट फेजमधे, म्हणजे लहर उलटी केलेले, आणि बरोबर समोरून किंवा मागून येणारा आवाज शून्य. तोच तुमच्या पुढच्या उजव्या स्पीकरला गेला. वीणेकरी समोर उभे, त्यामुळे त्यांचा थेट आवाज कापला गेला आणि सभामंडपाच्या भिंतींवरून येणारा घुमारा तेवढा राहिला, म्हणून तो पोकळ आणि लांबून आल्यासारखा वाटतो. तिसरा झेड, वर-खालचा, हरिपाठात छपरावरून आणि फरशीवरून परतणारा आवाज सोडला तर त्यात फारसं काही नसतं, तो मागच्या डाव्यात पुटपुटत होता. चौथा एक्स, पुढे-मागे, यात वीणा सरळ, मागचा मृदंग उलट्या फेजमधे आणि दोन्ही रांगांचे टाळ कापलेले. प्लेअरला काय, चार चॅनल दिसले की तो पुढचे दोन, मागचे दोन असे वाटून मोकळा.

याच लक्षणांवरून हेही कळतं की फाइल अँबिएक्स पद्धतीची आहे, कारण तिचा क्रम डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असा असतो. जुनी फ्युमा पद्धत डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशी जाते, तशी असती तर पुढच्या उजव्यातून वीणा गायब न होता टाळ गायब झाले असते. फ्युमामधे डब्ल्यू ३ डेसिबलने खाली ठेवलेला असतो, त्यामुळे दोन्हींची गल्लत केली की दिशाही बिघडतात आणि समतोलही. जुनी रेकॉर्डिंग हाती आली की हे आधी बघायचं.

माइकचं म्हणाल तर तो एक्स, वाय, झेड थेट नोंदवत नाही. चार कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारे छोटे माइकच, चौफलकाच्या आकारात बसवलेल्या असतात, एक पुढे-डावीकडे-वर, एक पुढे-उजवीकडे-खाली, एक मागे-डावीकडे-खाली आणि एक मागे-उजवीकडे-वर. चारी मिळवल्या की डब्ल्यू, पुढच्या दोनांच्या बेरजेतून मागच्या दोन वजा केल्या की एक्स, डाव्यांतून उजव्या वजा की वाय, वरच्यांतून खालच्या की झेड. इतकं साधं आहे, फक्त कॅप्सूल एकाच बिंदूत बसू शकत नाहीत म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीला फिल्टर लावून दुरुस्ती करावी लागते. आणि सगळा खेळ बेरीज-वजाबाकीचा असल्यामुळे चारी कॅप्सूलचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचं प्रमाण, तंतोतंत सारखा पाहिजे. एकाचा नॉब जरा जरी इकडेतिकडे असला की वजाबाकी पुरती होत नाही आणि समोरचा माणूस तिरका ऐकू येतो. म्हणून वेगवेगळ्या नॉबच्या रेकॉर्डरपेक्षा गेन एकत्र बांधलेला रेकॉर्डर घ्यावा, टाळांसारखे टोकदार आवाज असतील तर गेन खाली ठेवून जागा सोडावी, एक कॅप्सूल जरी क्लिप झाली, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन कापला गेला, तरी तेवढ्या क्षणाला दिशा कोलमडते.

ही कल्पना काही व्हीआरवाल्यांची नाही. ईएमआय या इंग्लिश रेकॉर्ड कंपनीमधे असताना ॲलन ब्लुमलाइनने १९३१ मधे स्टिरिओचं पेटंट टाकलं, त्यातले एकमेकांना छेदणारे फिगर-एट माइक म्हणजे याचंच बीज. पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडात ऑक्सफर्डचा गणिती मायकेल गर्झन आणि रेडिंग विद्यापीठाचे पीटर फेलगेट यांनी तिथल्या सरकारी नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या आधाराने अँबिसॉनिक उभं केलं, गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी तो चौफलक माइक काढला आणि कॅलरेकने तो साउंडफिल्ड नावाने बाजारात आणला. पण वेळ वाईट होती. त्याच दशकात चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिकच्या एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धतींनी गिऱ्हाईक वैतागलं होतं, दुकानदारांचे हात पोळले होते, त्यात अजून एक चार स्पीकरवालं कोण घेतंय. दोन चॅनलमधे बसणारी यूएचजे पद्धतही होती, निंबस रेकॉर्ड्सने त्यात भरपूर संगीत काढलं, पण घरोघरी काही पोचलं नाही. गर्झन १९९६ मधे वयाच्या पन्नाशीत गेला. त्याचं काम खरं वर आलं ते पेटंट संपल्यावर आणि डोक्याला चष्मा लावून बघायचे व्हिडिओ आल्यावर. आज यूट्यूबचे ३६० अंशांचे व्हिडिओ हेच चार चॅनल अँबिएक्समधे घेतात.

आता ऐकण्याकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

५.१ मधे पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड ११० अंशांच्या आसपास असतात. म्हणजे दोन्ही बाजूंना मधे ८० अंशांची मोकळी जागा आहे. आवाज तिथे ठेवायचा तर पुढचा डावा आणि मागचा डावा यांच्यात वाटावा लागतो, आणि ही वाटणी समोर जशी छान चालते तशी कानाच्या बाजूला चालत नाही, आवाज मधे न थांबता कधी या पेटीला चिकटतो, कधी त्या. सिनेमाला त्याने काही बिघडत नाही कारण संवाद सेंटरला, संगीत पुढे, मागून पाऊस किंवा गर्दी, बाजूला नेमकं काही ठेवायचंच नसतं. हरिपाठात मात्र अर्धा कार्यक्रमच बाजूला उभा आहे.

अँबिसॉनिकमधे वेगळीच पद्धत, प्रत्येक आवाजाला सगळेच स्पीकर हातभार लावतात. चार स्पीकर चौकोनात ४५ आणि १३५ अंशांवर ठेवले आणि आवाज बरोबर पुढच्या डाव्या स्पीकरच्या दिशेने यायचा असेल तर ५.१ मधे फक्त तोच वाजेल. इथे साध्या डिकोडरमधे (अँबिसॉनिकच्या चॅनलांतून प्रत्येक स्पीकरचा आवाज काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधे) तो ३ ने वाजला तर शेजारचे दोन्ही १ ने वाजतात आणि कर्णावर समोरचा उणे १ ने, म्हणजे उलट फेजमधे. लोकांना हे विचित्र वाटतं, मागचा स्पीकर उलटा का वाजवायचा? तर त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यापाशी हवेचा दाब आणि हवेची हालचाल दोन्ही मूळ जागेसारखे होतात, पुढचा ढकलतो तेव्हा मागचा ओढतो. डावीकडच्या टाळकऱ्यासाठी डावे दोन सरळ आणि उजवे दोन थोडे उलट वाजतात, त्यामुळे दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातला वेळेचा फरक खऱ्यासारखा होतो आणि बाजूचा आवाज बाजूलाच थांबतो.

पण हे सगळ्या फ्रिक्वेन्सींना खरं नाही, आणि स्वस्तातल्या डिकोडरांनी नाव घालवलं ते इथेच. पहिल्या ऑर्डरच्या (ऑर्डर म्हणजे दिशा किती बारकाईने नोंदवल्या त्याची पायरी) चार चॅनलमधे हे चित्र डोक्याएवढ्या जागेत साधारण ६०० हर्ट्झपर्यंतच बरोबर राहतं. त्याच्या वर तरंगलांबी डोक्याच्या मानाने लहान पडत जाते, तिथे उलट फेजवाले स्पीकर मदत करायच्या ऐवजी घोळ घालतात. कानही तसेच आहेत, खालच्या आवाजांची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून कळते आणि वरच्यांची दोन कानांतल्या तीव्रतेच्या फरकावरून. गर्झनची हुशारी ही की त्याने डिकोडरचे दोन पट्टे केले, खाली वरच्यासारखं ओढ-ढकल आणि वर वेगळी वाटणी, जिच्यात जास्तीत जास्त ऊर्जा आवाजाच्या दिशेला जमते. चौकोनाचं गणित केलंत तर या वरच्या पट्ट्यात बरोबर समोरून येणाऱ्या आवाजाला मागचे दोन स्पीकर चक्क शून्य होतात. हे दोन पट्टे नसलेला डिकोडर लावला की टाळ डोक्यात घुसल्यासारखे वाटतात आणि मान हलवली की आवाजाचा पोत बदलतो, मग लोक म्हणतात अँबिसॉनिक पोकळ वाजतं.

दोन पट्टे असले तरी पहिल्या ऑर्डरचा आवाज थोडा पसरट असतोच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. टोकदारपणा हवा तर ऑर्डर वाढवायची, दुसऱ्या ऑर्डरला ९ चॅनल, तिसऱ्याला १६, आणि तिसऱ्या ऑर्डरला तो ६०० चा आकडा १८०० हर्ट्झपर्यंत जातो. त्याला माइकही जास्त कॅप्सूलचा लागतो आणि स्पीकरही, एका पातळीत तिसऱ्या ऑर्डरला किमान ७, आठ असले तर बरे. उलटही लक्षात ठेवा, पहिल्या ऑर्डरच्या फाइलला डझनभर स्पीकर लावून काही वाढत नाही, सगळे जवळपास तेच वाजवतात आणि वरच्या आवाजाला गढूळपणा येतो. चार ते सहा पुरे.

आणि बसायची जागा. सगळे स्पीकर एकाच वेळी तोच आवाज थोड्याफार फरकाने देत असल्यामुळे मधून सरकून एका स्पीकरजवळ गेलात की सगळा मामला त्या स्पीकरकडे झुकतो, जो आधी पोचला तो जिंकला. ५.१ मधे सोफ्याच्या कडेला बसलेल्या वहिनींनाही संवाद पडद्यातूनच ऐकू येतात कारण तिथे खरोखरची सेंटरची पेटी आहे. म्हणून सिनेमासाठी तुमचं ५.१ मोडून अँबिसॉनिक करायच्या फंदात अजिबात पडू नका. सिनेमे त्यात येत नाहीत, आणि आले असते तरी चार माणसांच्या हॉलमधे पहिल्या ऑर्डरने एकाचंच भलं झालं असतं.

डॉल्बी ॲटमॉसही अँबिसॉनिकसारखंच का, असं बरेच जण विचारतात. तर स्पीकरशी बांधलेलं नसणं एवढं साम्य आहे. पण ॲटमॉसमधे ठरलेल्या चॅनलांच्या जोडीला ऑब्जेक्ट असतात, म्हणजे हेलिकॉप्टरचा आवाज वेगळा आणि तो आत्ता खोलीत कुठे आहे याचे आकडे वेगळे, तुमचा एव्हीआर ते वाचून जवळच्या स्पीकरांना देतो. अँबिसॉनिकमधे सुटे आवाज नसतातच, वीस टाळकरी असोत नाहीतर दोनशे, चॅनल चारच. त्याचा फायदा असा की अख्खं दृश्य एका साध्या गणिताने फिरवता येतं, तुम्ही हेडफोन लावून मान वळवली की वीणा जागच्या जागी राहते. तोटा असा की एका टाळकऱ्याचा आवाज नंतर वेगळा काढून कमी करता येत नाही.

बरं, तुमच्याकडे जे आहे त्यात कसं ऐकायचं. सगळ्यात सोपं हेडफोन. रीपर या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे फाइल घ्या, ट्रॅक चार चॅनलचा करा, ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या आयईएम संस्थेचे प्लगइन फुकट आहेत, त्यातला बायनॉरल (दोन कानांसाठीचा) डिकोडर लावा, झालं. आधी हेच करा, निदान रेकॉर्डिंग कसं आहे ते कळेल.

स्पीकरवर ऐकायचं तर सेंटर विसरा आणि बाकीचे चार वापरा. त्याच संचातला ऑलरा नावाचा डिकोडर वेड्यावाकड्या जागांनाही चालतो, तुमच्या पेट्या कुठल्या अंशावर आहेत ते भरायचं, पण आहे त्याच ५.१ च्या जागा दिल्यात तर पुढे गर्दी आणि मागे ओसाड असं होईल. शक्य असेल तर पुढचे दोन थोडे फाकवून ४५ अंशांवर आणि सराउंड मागे नेऊन १३५ वर ठेवा. पेट्या सारख्या असणं फार महत्त्वाचं आहे कारण ओढ-ढकल जुळायची तर फेज जुळली पाहिजे, पुढे मोठे टॉवर आणि मागे भिंतीवरच्या चिमुकल्या पेट्या असतील तर एव्हीआरच्या सेटिंगमधे चारी ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे वळतो तो आकडा) चारींना एकच, १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. गंमत म्हणजे डबाबंद होम थिएटर संचातले स्वस्त पण एकसारखे चार सॅटेलाइट इथे महागड्या बेमेळ सेटपेक्षा बरे वाजतात. दोन्ही बाजूंना आवाज फेकणारे डायपोल सराउंड असतील तर त्यांचा उपयोग नाही.

पीसीवरून ५.१ पाठवताना तिसरा चॅनल सेंटर आणि चौथा सबचा असतो, तेव्हा डिकोडरचे चार आउटपुट १, २, ५, ६ ला जोडायचे आणि ३, ४ रिकामे ठेवायचे. इथेच बहुतेकांचा अर्धा दिवस जातो. एव्हीआरमधला डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल एक्स वगैरे अपमिक्स (कमी चॅनलचे जास्त करणारी सोय) बंद करा, नाहीतर तो आपलं डोकं चालवून काहीतरी तिसरंच करेल. अंतराची मापं मात्र बरोबर भरा, एक फुटाचा फरक म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद, तेवढ्याने चित्र सरकतं. अँबिसॉनिकमधे ५.१ मधल्या ‘पॉइंट वन’सारखा वेगळा चॅनल नसतो, मृदंगाच्या धुमीचा खालचा आवाज याच चार चॅनलमधे आहे, तो क्रॉसओव्हरने आपोआप सबला जाईल.

आणि खुर्ची. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकूनच असतो, तिथे अँबिसॉनिक ऐकण्यात काही अर्थ नाही, मागचे स्पीकर कुठे ठेवणार. तेवढ्या वेळापुरती प्लास्टिकची खुर्ची हॉलच्या मधोमध घ्या, चारी पेट्यांपासून सारख्या अंतरावर, पेट्या भिंतीपासून जमेल तितक्या सुट्या, खाली सतरंजी टाका कारण नुसत्या टाइल्सवर टाळांचा चिवचिवाट फार होतो. सभामंडपाचा घुमारा रेकॉर्डिंगमधे आधीच आहे, त्यात तुमच्या हॉलचा कशाला मिसळायचा.

मित्राला दोन गोष्टी सांगा. मूळ चार चॅनलची फाइल जपून ठेवायची, स्टिरिओ करून मूळ उडवायची नाही, उद्या चांगला डिकोडर आला तर तोच हरिपाठ परत ऐकता येईल. आणि पुढच्या वेळी रेकॉर्डिंग सुरू केल्यावर माइकभोवती एक फेरी मारून पुढून ‘पुढे’, डावीकडून ‘डावीकडे’, मागून ‘मागे’, उजवीकडून ‘उजवीकडे’ असं मोठ्याने बोलून एकेक टाळी वाजवायची. घरी डिकोड करताना तो जिथून बोलतोय तिथूनच ऐकू आला तर चॅनलचा क्रम आणि पेट्यांची वायरिंग दोन्ही बरोबर, ‘डावीकडे’ उजवीकडून आलं तर आधी स्पीकरच्या तारा बघा, फाइलला नंतर हात लावा.